ताटीमागची जागा

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आयुषनं आईच्या खोलीत, पलंगाच्या डोक्याशी, तापमान दाखवणारं एक छोटं यंत्र बसवलं आणि शामलाबाईंचं डोकं तिथंच फिरलं. दिवाळीत रंग दिलेल्या भिंतीला खिळा ठोकलेला त्यांना एरवीही खपला नसता. त्यात हा डबीएवढा पहारेकरी आपल्यावर नजर ठेवायला आणलाय, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

आयुष मात्र आवाज न चढवता, मिहानच्या ऑफिसात साहेबलोकांना समजावत असेल तसं आईला समजावत होता. मे महिन्याच्या शेवटी नवतपा लागला, ते नऊ दिवसांचं जाळणारं ऊन सुरू झालं, की तो येईल. दुपारी बारा वाजता कूलर बंद करेल आणि चार वाजता आकडा बघेल. सदतीसच्या आत असेल तर आईनं खुशाल मानेवाड्याच्या या घरात राहावं, तो पुन्हा विषय काढणार नाही. सदतीसच्या वर गेला तर सामान बांधायचं, कायमचं त्याच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यायचं आणि हा खालचा मजलाही भाड्यानं द्यायचा. सदतीसच का, तर माणसाच्या अंगाची ऊब तेवढी असते. शामलाबाईंनी एसी लावून द्यायला सांगून पाहिलं. त्यावर तो म्हणाला की मागच्या वर्षी आई पडली तेव्हा लाइटच नव्हती, तिथं एसीनं काय दिवे लावले असते.

मागच्या मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली होती आणि त्या याच खोलीत पडून होत्या. तासभर पदरानं वारा घेतला. मग डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली म्हणून त्यांनी आयुषला फोन लावला, पण त्यानं उचलला नाही. पाणी प्यायला म्हणून उठल्या आणि माठाजवळच कोसळल्या. वर भाड्यानं राहणाऱ्या शोभाताई पन्ह्याची वाटी घेऊन खाली आल्या म्हणून निभावलं. तीन दिवस दवाखान्यात सलाइन लागलं. आयुष धावत आला, आल्या आल्या म्हणाला की मीटिंग होती, फोन सायलेंटवर होता. शामलाबाईंनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की एकादशीचा उपास बाधला. खरं कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि ते त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

ते कारण म्हणजे भैयाजींची ताटी.

भैयाजी म्हणजे शामलाबाईंचे यजमान. पाटबंधारे खात्यात कारकून, मूळचे कळमेश्वरजवळच्या एका गावातल्या शेतकऱ्याघरचे. धाकट्या भावापासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना भैयाजीच म्हणायचे. होळी झाली की गावाहून तो धाकटा भाऊ, नत्थूजी, तुराट्यांचे दोन भारे पाठवायचा. तुराट्या म्हणजे तूर काढून झाल्यावर शेतात उरणाऱ्या वाळक्या काड्या. गावाकडे त्यांची चूल पेटते, कुंपण होतं, गोठ्याची भिंत होते. भैयाजी दोन रविवार अंगणात मांडी ठोकून बसत, बांबूच्या चौकटीवर एकेक काडी सुतळीनं आवळत, आणि तिसऱ्या रविवारी ती दहा फुटी ताटी घराच्या पश्चिमेला, दोन्ही खिडक्यांच्या समोर, बाहेरून उभी राही. मृग लागला की उतरे. घर बांधल्यापासून पस्तीस उन्हाळे यात खंड पडला नाही.

शामलाबाईंचं माहेर इतवारीतलं, कापडाच्या दुकानाचं. घरात पडदे म्हटले की त्यांना अस्तर आणि झालर असणारच, अशा घरातून त्या आलेल्या. लेआउटमधली बाकीची माणसं खिडक्यांना रंगीत काचा लावत असताना आपल्या घरापुढं हा गोठा. म्हैस कधी आणताय, दूध आमच्याकडेच द्या, असं एका शेजारणीनं हसत विचारलं तेव्हा त्या दोन दिवस भैयाजींशी धड बोलल्या नव्हत्या.

बरं, गोठा तर गोठा, पण तो सरळ तरी असावा. भैयाजींनी खिडक्यांच्या वर भिंतीत दोन भोकं पाडून ठेवली होती. त्यात दोन बांबू आडवे खुपसायचे, आणि त्यांच्या बाहेरच्या टोकांना ताटी टांगायची. त्यामुळे ती भिंतीपासून लांब, मधेच कुठेतरी लटकलेली, वरून उघडी, खालून उघडी. रस्त्यावरून पाहिलं तर दारू पिऊन कोणी भिंतीचा आधार शोधतंय असं वाटायचं. शामलाबाई दरवर्षी सांगायच्या की चौकटीला चार खिळे मारा, भिंतीला चिकटवून नीट बसवा. आणि भैयाजी दरवर्षी एकच उत्तर देत.

"राहू दे वं. थोडी जागा पाह्यजे."

कशाला जागा पाहिजे, हे त्या माणसानं पस्तीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही. समजावून सांगणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. शामलाबाईंनी त्याचा सरळ अर्थ लावला होता की हा आळस आहे. शर्टाचं बटण एक घर चुकवून लावणारा, देवघरातले फोटो तिरपे टांगणारा माणूस ताटी तरी सरळ कशी लावणार.

पण त्या खोलीतल्या दुपारी. भांडणाच्या नादात त्यांचं कौतुक करायचं राहून गेलं, हे शामलाबाईंना आता कळत होतं. सकाळी नऊला खिडक्या बंद व्हायच्या. बाहेर ऊन चटचटायला लागलं की आत काड्यांच्या फटींतून गव्हाळ उजेड यायचा आणि फरशीवर बारीक बारीक रेघा पडायच्या. लहानगा आयुष उघड्या अंगानं फरशीवर पालथा पडून त्या रेघा मोजायचा आणि साठ-सत्तरच्या पुढं जायच्या आत झोपायचा. बारा वाजता आणि तीन वाजता भैयाजी पाण्याची बादली घेऊन ताटीच्या मागं, त्या सांदीत, आडवे होऊन शिरायचे आणि मगानं ताटीवर, जमिनीवर पाणी मारायचे. ओल्या तुराट्यांचा एक वास असतो, शेतातला, थोडा गोडसर. खिडकी बंद असूनही तो आत यायचा. मग भैयाजी येऊन पलंगावर पडत, शामलाबाई मशीनवर काहीतरी शिवत बसत, आणि कुठं जायची घाई नसलेल्या त्या तीन तासांत घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. तेव्हा त्यांना यात काही विशेष आहे असं वाटलंच नाही. आता त्यातली एक दुपार कोणी परत दिली असती तर त्यांनी गोठाच काय, म्हैससुद्धा बांधून घेतली असती.

भैयाजी दीड वर्षापूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, झोपेतच गेले. पुढच्या फाल्गुनात नत्थूजींचा फोन आला, की वहिनी, तुराट्या ठेवल्या आहेत, पाठवू का. शामलाबाईंनी सांगितलं की नको. कोण बांधणार, कोण पाणी मारणार, ही कारणं त्यांनी दिली आणि ती खोटी नव्हती. पण फोन ठेवल्यावर त्यांना हलकं वाटलं होतं. चला, सुटले एकदाची त्या गोठ्यातून, असं मनात आलं होतं, आणि नवरा जाऊन सहा महिनेही झाले नसताना असं मनात आलं याची लाजही वाटली होती. त्याच मे महिन्यात त्या माठाजवळ पडल्या. वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांनी घराला रंग दिला, आणि रंगाऱ्याला सांगून भिंतीतली ती दोन भोकंही सिमेंटनं बुजवून टाकली.

तर आता यंत्र भिंतीवर बसलं होतं आणि शामलाबाई त्याच्याशी लढायला उभ्या राहिल्या. आधी त्यांनी माहेरची विद्या वापरली. सीताबर्डीवरून जाड कापड आणलं, दुहेरी अस्तर लावून स्वतः पडदे शिवले. सोनिकानं, त्यांच्या सुनेनं, ऑनलाइन मागवून अगदी काळेकुट्ट पडदे पाठवले, तेही त्यावर चढवले. खोलीत दुपारी दिवा लावल्याशिवाय चष्मा सापडेना. पण कूलर बंद ठेवला की चार वाजता आकडा चाळीसवर. पडद्याला हात लावला तर तो इस्त्रीखालून काढल्यासारखा गरम. आयुषनं फोनवर सांगितलं की ऊन काचेतून आत आल्यावर पडदा त्याला काय करणार, ते आलंच की घरात. हे त्यानं शांतपणे सांगितलं म्हणून शामलाबाईंना जास्तच राग आला, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. ऊन बाहेरच अडवायला हवं होतं.

मग त्यांनी मान खाली घालून नत्थूजींना फोन लावला.

नत्थूजी सत्तरीचे, गुडघे गेलेले. आता तूर यंत्रानं काढतात, तुराट्यांचा भुगा होतो, त्यामुळे त्यांना चार बांध पालथे घालून भारे जमवावे लागले. पण आठव्या दिवशी ते छोट्या टेम्पोत पुढं बसून, मागं भारे घालून मानेवाड्यात हजर. दोन दिवस अंगणात खुर्चीवर बसून त्यांनी ताटी बांधली. शामलाबाई सुतळी कापून देत होत्या. आणि टांगायची वेळ आली तेव्हा पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मनासारखं झालं. त्यांनी सुतार बोलावला, ताटीच्या कडा कात्रीनं सरळ कापून घेतल्या आणि खिडक्यांच्या चौकटीला खिळे ठोकून ती भिंतीला अशी घट्ट बसवली की मधून मुंगी जाऊ नये. लांब जाऊन पाहिलं तर एखाद्या रिसॉर्टची भिंत वाटावी. नत्थूजींना त्यांनी विचारलं की आता कशी दिसते.

"तुम्ही म्हणाल तशी, वहिनी," नत्थूजी म्हणाले आणि पाणी मागितलं.

शामलाबाईंनी त्यात फक्त होकार ऐकला. मोठ्या वहिनीच्या शब्दापुढं शब्द काढायचा नाही, हे नत्थूजींच्या घरचं वळण. ते पाणी पिऊन, जेवून, संध्याकाळच्या बसनं गावी गेले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आकडा अडतीसच्या वर अर्धा. तिसऱ्या दिवशीही तेवढाच. पाणी मारून पाहिलं, सुकायला वेळ लागला आणि आत नुसता कोंदटपणा वाढला. नवतपा अजून लागायचा होता. त्याच आठवड्यात सोनिकानं फोनवर फ्लॅटमधल्या खोलीचा फोटो पाठवला. आईंसाठी नवीन पलंग, बाजूला देवघर, खिडकीशी त्यांची शिवणाची मशीन ठेवायला जागा मोकळी करून ठेवलेली. पोरीनं मनापासून केलं होतं. शामलाबाईंनी फोटो तीनदा पाहिला. कोणी वाईट वागलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथं सगळे प्रेमानंच त्यांना त्यांच्या घरातून उचलून नेत होते.

त्या दुपारी, ताटी असून असं का होतंय ते बघायला, त्या हट्टानं बाहेर गेल्या. डोक्याला शेला गुंडाळून, तीन वाजता, पश्चिमेच्या भिंतीशी. ताटीच्या कडेला हात घालायला गेल्या तर हात शिरेना. कसंबसं एक बोट आत सरकवलं, ते खिडकीच्या गजाला लागलं आणि त्यांनी ओढूनच घेतलं. गज पोळत होता. आतली हवा भट्टीच्या तोंडाशी यावी तशी. ती बिचारी वर जाणार कुठून आणि खाली निघणार कुठून, सगळीकडून तर त्यांनी ठोकून बंद केलं होतं. उन्हानं ताटी तापत होती, ताटीनं भिंत तापत होती, आणि भिंत त्यांच्या पलंगाला शेकत होती. शामलाबाई तशाच उन्हात उभ्या राहिल्या. थोडी जागा पाह्यजे. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यात काही सांगितलेलं आहे, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

घरात येऊन त्यांनी नत्थूजींना फोन केला आणि सरळ विचारलं.

"जागा त पाह्यजेच न, वहिनी," नत्थूजी म्हणाले. "आमच्या बाबाच्या वख्तापासून आहे ते. गरम हवा मागच्या मागं वर निघून जाते. चिकटवली त ताटी भिंतीलेच भाजते."

"मग तवा काहून नाही सांगितलं?"

मग नत्थूजी म्हणाले, "तुम्ही पहिल्यांदाच आपल्या मनासारखं करून राह्यल्या होत्या. मी कसं मोडू?"

शामलाबाईंना हसावं की रडावं कळेना. दोन भाऊ आणि दोघांचाही स्वभाव सारखाच, जे तोंड उघडून सांगायचं ते पोटात ठेवायचं. पण रागवायलाही तोंड नव्हतं, कारण भैयाजींनी सांगितलं असतं तरी आपण ऐकलं असतं का, हे त्यांनी स्वतःला विचारलं आणि उत्तर काही बरं आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी सुतार पुन्हा आला. खिळे उपटले. नव्या रंगाचे टवके काढत, बुजवलेली दोन्ही भोकं त्यांनी स्वतः उभं राहून छिन्नीनं मोकळी करून घेतली. नवे बांबू आले. नत्थूजीही आले, यावेळी न विचारताच. पण बांबू किती लांब कापायचे, इथं गाडी अडली. जुने बांबू भंगारात गेलेले. नत्थूजींना गावच्या घराचं माप माहीत होतं, या घराचं नाही. जास्त लांब टांगली तर चारनंतरचं तिरपं ऊन बाजूनं आत घुसणार, आणि जवळ टांगली तर पुन्हा तीच भट्टी. सुतार म्हणाला की अंदाजे फूटभर कापू या.

"थांबा," शामलाबाई म्हणाल्या.

त्या भिंतीशी जाऊन, पाठ भिंतीला लावून, आडव्या उभ्या राहिल्या. भैयाजी त्या सांदीत बादली घेऊन शिरायचे तेव्हा असेच आडवे व्हायचे. आणि बाहेर निघायचे तेव्हा बनियनच्या पाठीला भिंतीचा पांढरा चुना आणि पोटाला तुराटीचे ओरखडे, दोन्ही असायचं. ते बनियन धुता धुता त्यांनी किती वेळा म्हटलं होतं की एक तर ताटी लांब करा नाहीतर पोट आत घ्या. म्हणजे पाठ भिंतीला आणि पोट ताटीला, एवढीच ती जागा. त्या माणसाचं पोट नेमकं किती होतं, हे या जगात शामलाबाईंशिवाय कोणाला माहीत असणार. त्यांनी आपल्या पोटापुढं हवेत हात धरला, डोळे मिटले, हात थोडा पुढं नेला, मग आणखी दोन बोटं पुढं नेला, कारण निवृत्त झाल्यावर भैयाजींचं पोट सुटलं होतं.

"इथं," त्या म्हणाल्या. सुतारानं टेप लावली आणि नत्थूजींनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला.

ताटी लटकली. वरून उघडी, खालून उघडी, रस्त्यावरून पाहिलं तर पुन्हा तशीच झिंगलेली. शोभाताई वरून वाकून म्हणाल्या की आता कसं भैयाजींचं घर वाटतं.

नवतप्याच्या सहाव्या दिवशी आयुष सुट्टी टाकून अकरालाच आला. रस्ते ओस पडले होते, कुत्रीसुद्धा नालीत बसली होती, बाहेर सेहेचाळीस की सत्तेचाळीस. त्यानं ठरल्याप्रमाणे बारा वाजता कूलर बंद केला आणि खुर्ची ओढून यंत्रासमोर बसला, जसा परीक्षेचा पेपर हातात पडायची वाट बघतोय. शामलाबाईंनी बाराला पाणी मारलं, तीनला मारलं. आत येऊन पलंगावर बसल्या. फरशीवर रेघा पडल्या होत्या आणि आयुष यंत्राकडं कमी, त्या रेघांकडंच जास्त बघत होता. शामलाबाईंनी सकाळीच मनाशी ठरवलं होतं की आकडा वर गेला तर कटकट न करता बॅग भरायची. देवाची पितळेची भांडी कशात गुंडाळायची, हेसुद्धा ठरवून झालं होतं.

चार वाजले. आयुष उठून यंत्राजवळ गेला. छत्तीस पूर्णांक तीन.

"राह्यली तू, आई," तो म्हणाला. पण चेहऱ्यावर हरल्याचं दुःख नव्हतं की सुटल्याचा आनंद नव्हता. तो परत खुर्चीत बसला आणि तळहातांकडं बघत राहिला.

इथंच शामलाबाई गप्प बसल्या असत्या तर काम फत्ते होतं. घर त्यांचं झालं होतं. पण मुलाचा तो चेहरा पाहून त्यांना राहवेना. इतके दिवस पोटात ठेवलेली गोष्ट त्यांनी बाहेर काढली, मग त्यानं शब्द फिरवला तरी फिरवू दे म्हणून.

"मागच्या साली नत्थूभाऊजी तुराट्या पाठवत होते. मीच नको म्हटलं. मले लाज वाटे त्या ताटीची. ताटी असती त मी पडली नसती. उपास-बिपास काही नव्हता, बेटा. तुह्या बाबाचं बरोबर होतं आणि मी पस्तीस वर्षं त्यायले आळशी म्हटलं."

आयुष ऐकत राहिला. मग त्याचा आवाज इतका खाली गेला की शामलाबाईंना पुढं वाकावं लागलं.

"फोन सायलेंटवर नव्हता, आई. तुहं नाव दिसलं होतं मले. नेहमीसारखं काही असेल म्हणून मी फोन उलटा ठेवून देला."

एवढं बोलून तो रडायला लागला, चाळिशीला टेकलेला पोरगा, खांदे हलवत. वर्षभर त्यानं मनात काय वाहिलं होतं, ते शामलाबाईंना आत्ता कळलं. हे यंत्र, हा सदतीसचा आकडा, तो नवा पलंग. आईला उन्हापासून वाचवायची धडपड तर होतीच, पण दुसऱ्यांदा फोन वाजला आणि आपण पुन्हा तसंच केलं तर, ही भीती जास्त होती. त्यांना क्षणभर खूप वाईट वाटलं, अगदी आत लागलं. त्या दुपारी माठापर्यंत जाताना त्यांना वाटलं होतं की पोरगा कामात असेल. तो कामात नव्हता.

त्या उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस मागं विरळ व्हायला लागले होते, बापासारखे.

"पुन्हा लावीन त उचलजो," त्या म्हणाल्या.

"हो."

"आता पड थोडा. पाचच्या आत उन्हात निघायचं नाही."

आयुषनं ऐकलं. पलंग सोडून तो फरशीवरच, हाताची उशी करून, आडवा झाला, आणि दहा मिनिटांत त्याचा श्वास झोपेनं जड झाला. शामलाबाई पलंगाच्या कडेला बसून त्याच्याकडं बघत होत्या. आपण घर राखलं, पोराच्या मनातलं बाहेर आलं, आणि ताटीचं भांडण तुम्ही जिंकलात, हे सगळं ज्यांना आत्ताच्या आत्ता उठवून सांगावं ते पलंगाच्या दुसऱ्या बाजूला नव्हते. गेल्या दीड वर्षात कामं होती, विधी होते, रंगारी होता, यंत्र होतं. आता समोर काहीच करायचं उरलं नव्हतं. त्यांनी पदराचा बोळा तोंडावर दाबला आणि मुलाची झोप मोडू नये म्हणून आवाज न करता, भैयाजी गेल्यापासून पहिल्यांदा, पोटभर रडून घेतलं.